फारो ठरेना

लहानपणी बरीच वर्षं माझी अशी समजूत होती, की आमचं मूळ गाव मिसर. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या मुली विट्याला, तासगावला, जतला आपापल्या गावी जायच्या आणि परत आल्या की चुलतभावंडांच्या, विहिरीत पोहायला शिकल्याच्या गोष्टी सांगायच्या. मला कोणी गाव विचारलं तर मी सांगायचे, "आमचं गाव मिसर, पण आम्ही तिथून निघालो." बाईंना वाटायचं मी मिरज म्हणतेय. "अगं, मग मिरज काय लांब आहे? जायचं की सुट्टीत," असं त्या म्हणायच्या, आणि मी गोंधळून जायचे, कारण घरी तर सांगितलेलं, की तिथं परत जायचं नसतं.

याचं मूळ माझ्या आजोबांच्या एका वाक्यात होतं. आजोबांना मी पाहिलेलं नाही. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका गावात, गावाबाहेरच्या वस्तीत ते राहायचे. वेशीवर पहारा द्यायचा, आलेल्या साहेबाचं ओझं पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून न्यायचं, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार शिळी भाकरी मागायची, हे त्यांचं येसकराचं काम. एके दिवशी पहाटे बायकोला घेऊन ते गाणं म्हणत गावातून निघाले, चालत साताऱ्याला पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर आले, बाप्तिस्मा घेऊन सखाचे शमुवेल झाले आणि मुलाला त्यांनी शाळेत घातलं. त्या गावाचं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. ते त्याला मिसर म्हणायचे, म्हणजे बायबलमधलं इजिप्त, जिथल्या गुलामीतून इस्राएल लोक सुटले. माझे वडील, म्हणजे पप्पा, जेवणाआधीच्या प्रार्थनेत शेवटी न चुकता म्हणत, "आणि प्रभू, तू आम्हांला मिसरातून काढलंस, हे आम्ही कधी विसरू नये." मग आम्ही आमेन म्हणायचो आणि भाकरी मोडायचो.

सांगलीत चर्चच्या मागच्या गल्लीत आमच्या तीन खोल्या होत्या आणि मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढं अंगण. सकाळी कुपवाडच्या कारखान्याचा भोंगा झाला, की गल्लीतल्या स्कूटरी आणि लुना एकामागून एक सुरू व्हायच्या. त्यांचा आवाज विरला की चर्चची हार्मोनियम ऐकू यायची; कोणीतरी रविवारच्या गीताचा सराव करत असायचं आणि त्याच एका जागी चुकत असायचं. हळदीचा हंगाम असला की वारा बाजाराकडून यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांनाही हळदीचा वास लागायचा. आई रविवारी मटणाचा रस्सा करायची आणि उपासनेला जाताना चुलीवर, म्हणजे नंतरच्या काळात स्टोव्हवर, पातेलं ठेवून जायची शेजारणीच्या भरवशावर. उपदेश लांबला की आई आमच्या बाकावर चुळबुळ करायला लागायची.

पप्पा एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि रविवारी सकाळी चर्चमधल्या मुलांची शाळा घ्यायचे. ही दोन कामं त्यांना वेगळी वाटत नसत. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, गोष्ट त्यांनी सांगितली, की ती शिवाजीमहाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखी वाटायची; कोणता रस्ता, कुठला मुक्काम, पाण्याची काय सोय. ईस्टरच्या आधी एका संध्याकाळी ते आम्हांला वल्हांडणाचं जेवण करायला लावायचे. आमच्या चर्चमध्ये असं कोणी करत नव्हतं, ती पप्पांची स्वतःची टूम. मोशेच्या मागून इस्राएल लोक मिसर सोडताना जसे घाईत जेवले तसं जेवायचं: उभ्यानं, कंबर बांधून, पायात चपला घालून, हातात काठी घेऊन. कडू भाजी म्हणून कारलं. बेखमीर भाकर हवी असं पप्पा म्हणाले, की आई म्हणायची, "आपली ज्वारीची भाकरी बेखमीरच असते हो, तिला काय वेगळं करायचंय? आणि चपला घालून स्वयंपाकघरात यायचं नाही, हे मी मोशेलाही सांगितलं असतं." शेवटी आम्ही उंबऱ्याबाहेर अंगणात उभे राहून जेवायचो. माझा धाकटा भाऊ काठी म्हणून क्रिकेटचा स्टंप आणायचा.

पप्पांना एक ध्यास होता. मोशेनं ज्या फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, तावडीतून लोकांना सोडवलं, तो फारो नेमका कोणता? शास्त्रात त्याचं नाव नाही, नुसतं फारो म्हटलंय. पप्पांचं म्हणणं, ही इतिहासाच्या शिक्षकाला झोप न लागू देणारी गोष्ट आहे. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून त्यांनी एक लांबच लांब तक्ता केला होता. वरच्या ओळीत मिसरचे राजे, खालच्या ओळीत अब्राहाम, योसेफ, मोशे, शलमोन. दोन्ही ओळी एकमेकींखाली बरोबर बसवायच्या, की झालं. नकाशे मी काढायचे, कारण माझं अक्षर आणि चित्र बरं होतं. नाईल नदीची ती मुखाशी फुटलेली बोटं मी अजूनही डोळे मिटून काढू शकेन. पप्पांचा कौल दुसऱ्या रामसेसला होता. गुलामांनी फारोसाठी बांधलेल्या एका शहराचं नाव शास्त्रात रामसेस असंच दिलंय, मग आणखी काय पुरावा हवा? पण पुढे असं वाचनात आलं, की त्याच्या मुलानं कोरून घेतलेल्या शिलालेखात इस्राएल लोक कनान देशात, म्हणजे निघाल्यावर चाळीस वर्षांनी ते पोचले त्या देशात, आधीच राहत असल्याचा उल्लेख आहे. मग चाळीस वर्षं रानात भटकायला वेळ कुठून काढायचा? पप्पा खोडरबर घेऊन मोशेला थोडं डावीकडे सरकवायचे. मोशे सरकला, की योसेफ सरकवावा लागायचा. तक्त्यावर त्या जागी कागद इतका झिजला, की पलीकडचा कॅलेंडरचा गणपती आरपार दिसायला लागला.

पप्पांचे मित्र चौगुले सर त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, म्हणून त्यांचे आणि पप्पांचे सगळे वाद उजेडातच संपायचे. ते आले की आई बिनाआल्याचा चहा टाकायची. "काय मास्तर, फारो ठरला का?" असं म्हणतच ते आत यायचे. "तुमच्याच शास्त्रात लिहिलंय, की शलमोनानं मंदिर बांधायच्या चारशे ऐंशी वर्षं आधी हे लोक निघाले. तो हिशोब धरला तर तुमचा रामसेस तेव्हा जन्मलाही नव्हता."

"ती वर्षं पिढ्या मोजून सांगितलीत, चौगुले. बारा पिढ्या, प्रत्येकीची चाळीस वर्षं."

"म्हणजे जमेल तिथं आकडा खरा आणि जमणार नाही तिथं अलंकार?" चौगुले सर हसायचे. "आमच्या शास्त्रातले आकडे बघितलेत का? एकेका तीर्थंकराचं आयुष्य मांडायला तुमचा हा तक्ता कोल्हापूरपर्यंत न्यावा लागेल. आम्ही नाही बाबा कुणाशी जुळवत बसत."

एका उन्हाळ्यात पप्पांनी अंगणात विटा पाडल्या. फारोनं गुलामांना गवत देणं बंद केलं आणि तरी तेवढ्याच विटा मागितल्या, ही ती गोष्ट. गवताशिवाय वीट होते का, हे पप्पांना बघायचं होतं. नदीकाठची माती आणली, उसाचं पाचट बारीक केलं, अर्ध्या विटा पाचट घालून आणि अर्ध्या तशाच. आम्ही भावंडं गुडघ्यापर्यंत चिखलात. शास्त्रात त्या कामावर देखरेख करणाऱ्यांना मुकादम म्हटलंय आणि आमच्याकडे मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी आणणारा, पांढऱ्या टोपीतला, मोटारसायकलवरचा माणूस. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोरचा फारोचा मुकादम कायम राजदूत मोटारसायकलवर बसलेला असायचा. पाचटाच्या विटा चांगल्या वाळल्या, नुसत्या मातीच्या काही तडकल्या, काही नाही तडकल्या. यावरून काय सिद्ध झालं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पप्पांनाही कळलं नसावं, पण ते खूष होते. आईनं त्या विटांवर तुळशीसारखा ओव्याचा वाफा केला.

आईचा थोरला भाऊ, शांतवनमामा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायचा. तरुणपणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर तो सिनाईच्या वाळवंटात राहून आला होता, म्हणजे जिथं इस्राएल लोक चाळीस वर्षं हिंडले तिथंच. पप्पांना त्याचं फार अप्रूप. मामा सांगलीला आला, की पप्पा त्याच्यापुढे नकाशा पसरायचे.

"दादा, तुम्ही सिनाई पर्वत बघितलात?"

"डोंगर लय बघितलं, पाव्हणं. त्यातला कंचा देवाचा, ही कोन सांगनार? वाळू, माश्या आन डब्यातली मासळी, येवढंच ध्यानात हाय."

"काही अवशेष? मुक्कामाच्या खुणा?"

मामानं नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "आता तुमी इचारताच म्हून सांगतो. आमची पलटण सा म्हयनं ऱ्हायली तर डब्यांचा डोंगुर झाला. शास्तरात लिवलंय, सा लाख नुस्तं बाप्ये, बाया-पोरं येगळीच. चाळीस वर्सं. त्यांच्या चुलीची राख तरी घावाया पायजे का न्हाई?" आणि लगेच पुढे, "पर मी काय शिकल्याला मानूस न्हाई. वाळू लय वाईट, सगळं गिळतीया."

आई आतून म्हणाली, "दादा, जेवायला बस." विषय तिथं संपला, पण मला त्या चुलीच्या राखेनं धरलं ते धरलंच.

मग केबल आली. आमच्या घरी नव्हती, चौगुले सरांकडे होती. एका रविवारी दुपारी त्यांचा मुलगा धावत आला, "काका, बाबांनी बोलावलंय, मिसर लागलंय!" पप्पा जेवणावरून हात धुऊन उठले, मी मागोमाग. उन्हानं नाक सोललेला एक गोरा संशोधक नाईलच्या मुखाशी खणलेल्या चरात उभा होता. त्यानं मातीच्या विटा दाखवल्या. पाचटासारखं काही त्यांत दिसत होतं, आणि पप्पांनी माझ्या खांद्यावर हात दाबला. मग त्यानं सांगितलं, की सिनाईत अनेकदा शोध घेतला, पण एवढा मोठा जनसमुदाय त्या काळी तिथून गेल्याची एकही खूण मिळालेली नाही. बहुतेक जाणकारांच्या मते शास्त्रात वर्णन केलंय तसं ते घडलं नाही. थोडी माणसं कधीतरी निघाली असतील, किंवा तीही नसतील. शेवटी संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत रामसेसचं कलेवर दाखवलं. नाक बाकदार, हात छातीवर, केस पिंगट. म्हातारा होऊन मेलेला, मोशेचा पाठलाग करताना समुद्रात बुडालेला वगैरे काही नाही.

पप्पांनी इंग्रजी नीट ऐकलं होतं. तरी त्यांनी चौगुले सरांना विचारलं, "नाही म्हणाला का तो?"

चौगुले सर एरवी अशा संधीची वाट बघणारे. पण ते म्हणाले, "मास्तर, सापडलं नाही म्हणाला. टीव्हीवाल्यांचं काय घेऊन बसलात. चहा घेणार?"

मी आता गेली पंचवीस वर्षं रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही रिपोर्टवर कधी "नाही" लिहीत नाही, "आढळले नाही" लिहितो. पहिल्यांदा असा रिपोर्ट लिहिला तेव्हा मला चौगुले सरांच्या बैठकीतली ती दुपार आठवली. आणि अलीकडे माझा भाचा फोनवर व्हिडिओ पाठवतो, तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथाची चाकं सापडली म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी पाठवतो, ते सगळं बनावट म्हणून. मी दोन्ही बघते. ती दुपार माझ्यासाठी नुसती टीव्ही बघण्याची नव्हती, हे दोन्ही बघताना आठवतं.

कारण त्या वर्षी माझं दृढीकरण ठरलेलं होतं. आमच्यात बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. तेव्हा आईबापांनी दिलेली कबुली मोठेपणी स्वतःच्या तोंडानं, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून द्यायची. पांढरी साडी घेऊन झाली होती. पाळकसाहेब दर शनिवारी आम्हां मुलामुलींची तयारी करून घेत. मी पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणायचे आणि म्हणता म्हणता काचेच्या पेटीतली ती पिंगट केसांची मान डोळ्यांपुढे यायची.

त्याच सुमारास साताऱ्याला आसपासच्या मंडळ्यांचा मेळावा भरला. पप्पांचं भाषण होतं, "निर्गम आणि मिसरचा इतिहास"; निर्गम म्हणजे इस्राएल लोकांचं मिसरातून बाहेर पडणं. त्यांनी ते रद्द करावं असं आईचं म्हणणं होतं. पप्पा म्हणाले, "रद्द कशाला? विषय तर तोच आहे." आम्ही तिघं मामाकडे उतरलो. मांडवात माणसं दाटीनं बसली होती, वाईहून, कोरेगावहून, फलटणहून आलेली. तक्ता मी आणि मामानं दोन्ही टोकांनी धरला होता. पप्पा बरे बोलले. विटा सांगितल्या, शहरं सांगितली, योसेफाच्या काळच्या दुष्काळाबद्दल बोलताना समोरच्या दुष्काळी गावांतल्या बाया माना डोलवत होत्या. मग प्रश्नांची वेळ झाली आणि पुण्यात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिचा सूर भांडणाचा नव्हता. तिनं विचारलं, "सर, हे सगळं छान आहे. पण निर्गम खरंच घडला, याला मिसरात काही पुरावा आहे का?"

पप्पांनी तक्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, खांबाला टेकून ते किंचित हसलेही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी वीस वर्षं शोधतोय. मला अजून सापडलेला नाही. घडलं असेल असं मला वाटतं. पण माहीत नाही."

 मग मागून एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "मग आमाला इतकी वर्सं काय शिकवलं?" आणि कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी गीत लावलं. गीत संपल्यावर ते पप्पांच्या जवळ येऊन हळू म्हणाले, "मास्तर, मुलांच्या शाळेतून थोडे दिवस विश्रांती घ्या." माणूस वाईट नव्हता. त्यांचीही पंचाईत झाली होती. ते थोडे दिवस दोन वर्षं चालले. पाळकसाहेबांची बदली झाल्यावर पप्पांना पुन्हा बोलावणं आलं आणि पप्पा जसे काही झालंच नाही असे गेले.

मामाच्या घरी संध्याकाळी आई पप्पांशी बोलत नव्हती. भाकरी वाढताना एकदाच म्हणाली, "एवढ्या माणसांत सांगायची काय गरज होती? मनात ठेवलं असतं तर कोण बघायला येणार होतं?" पप्पा म्हणाले, "पोरीनं सरळ विचारलं गं." मग थोड्या वेळानं मामाला म्हणाले, "दादा, उद्या आमच्या गावाला जाऊन येऊ."

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं माणसं राहतात, त्यांची नातवंडं शिकलीसवरलेली आहेत. आई आली नाही. आम्ही तिघं एसटीनं तालुक्याला आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून निघालो. पप्पांना गाव ठाऊक होतं ते फक्त पाद्रीसाहेबांनी शाळेच्या दाखल्यावर मूळ गाव म्हणून लिहवलेलं नाव म्हणून. रस्ताभर ते खिडकीबाहेरच बघत होते. शाळू काढून झाला होता, रानं मोकळी, नुसती धसकटं. मारुतीच्या देवळापुढे काही तरुण पोरं आणि एक-दोन प्रौढ माणसं बसली होती. मामानं राम राम घातला आणि सांगितलं, की हे पाव्हणं सखा येसकराचं पोरगं.

"येसकर?" एकजण म्हणाला. "न्हाई ब्वा. आमच्या गावात ती घरं कवाच न्हवती."

"होती," पप्पा म्हणाले. "पूर्वेच्या अंगाला. अशी वस्ती तिकडंच असायची."

"तकडं तर आमचं रान हाय. माज्या आज्यापास्नं आमीच करतोय. कुनीतरी चुकीचं सांगितलंय तुमाला, सायेब."

ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. पप्पा उठले आणि ते रान बघायला निघाले, आम्ही मागे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहतात तिथली माती चुलींच्या राखेनं पांढरी पडते, तिला पांढर म्हणतात, हे पप्पांनी मला कितीदा शिकवलं होतं. ते बांधाबांधानं हिंडले, चपलेनं ढेकळं फोडून बघितली. सगळी माती काळी. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरनं खोल नांगरलेली. एक खापर नाही, जोत्याचा एक दगड नाही. मामा कमरेवर हात ठेवून उभा होता.

परत देवळापाशी आलो तेव्हा तिथं साठीला आलेला एक म्हातारा माणूस येऊन बसला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं. पोरांनी त्याला विचारलं असावं, कारण आम्ही टेकायच्या आत तोच म्हणाला, "व्हती. चार घरं व्हती. पटकीच्या साली गेली."

"गेली म्हणजे निघून गेली?" पप्पांनी विचारलं.

"घालवली." पाऊस झाला नाही, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. "मानसं पटापटा मराय लागली. कुनी म्हनलं, सख्यानं हिरीला हात लावला. पंचांनी सांगितलं, दिस मावळायच्या आत गाव सोडा."

"ते पहाटे निघाले. स्वतःहून."

"पहाटं न्हवं. भर दुपार व्हती. मी बारका व्हतो, आमी समदी त्या टेकाडावनं बघत व्हतो. कुनी कुनी दगडं बी मारली."

 मग पप्पांनी विचारलं, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो, "गाणं म्हणत होते का?"

म्हाताऱ्यानं खरंच आठवून बघितलं. "बाई रडत व्हती. पोटुशी व्हती. गानं... आसंल बी. लांब गेल्याव मानूस काय करतंय, कुनाला ठावं?"

"त्या बाईच्या पोटात मी होतो," पप्पा म्हणाले.

म्हाताऱ्यानं चांगला डोळा त्यांच्याकडे वळवला.  "बरं झालं," तो म्हणाला, "मोठं झालासा." आणि आत हाक मारून त्यानं पाणी मागवलं. सुनेनं तांब्या आणि फुलपात्र आणलं. पप्पा ते पाणी प्यायले. मामा प्यायला नाही. मी फुलपात्र हातात धरून उभी राहिले. प्यावं की न पिता परत द्यावं, ते मला कळेना. शेवटी अर्धं प्याले.

येताना एसटीत पप्पा म्हणाले, "पन्नास वर्षंही झाली नाहीत अजून. आणि एक खापर नाही. मग मिसरात काय सापडणार?"

मामा खुलला. "म्हंजी तुमचंच खरं व्हतं म्हना की, पाव्हणं! काल मांडवात उगं माघार घेतलीसा."

"तसं नाही, दादा. ते घडलंच नसतं, तरी काही सापडलं नसतंच की."

मामानं यावर टोपी काढून डोकं खाजवलं. मी दोघांच्या मध्ये बसले होते. एक वाक्य मला पटायचं, लगेच दुसरं पटायचं.

सांगलीला परतल्यावर शनिवारी मी पाळकसाहेबांना सांगितलं, की या वर्षी मी उभी राहणार नाही.  (पुढच्या वर्षी राहिले. काही उलगडा झाला होता म्हणून नव्हे. त्या बाकावर बसून राहिल्यावर मला आपण कोणाच्याच नसल्यासारखं वाटायचं म्हणून.) घरी आले तेव्हा आई पाट्यावर चटणी वाटत होती. मी सांगितल्यावर तिचा हात थांबला. "बघा," ती पप्पांना म्हणाली, "आता पोरीपर्यंत आलं. कोण कुठला फारो, त्याच्यापायी घर फिरलं."

"राहू दे तिला," पप्पा म्हणाले. "तिला गोंधळायला झालंय. मलाही झालंय. माझा बाप निघाला की हाकलला गेला, हेच मला ठाऊक नाही."

"दोन्ही," आई म्हणाली.

पप्पांनी वर बघितलं.

"सासूबाई शेवटच्या आजारात सगळं सांगायच्या. मामंजी वर्षभर आधीपासून बाजारात पाद्रीसाहेबांना भेटत होते. जाऊ म्हणत होते. सासूबाईच तयार नव्हत्या. मग पटकीची साथ आली, पंचांनी हाकललं. सासूबाई म्हणायच्या, मी रडत होते, लोक दगड मारत होते आणि ह्यांच्या तोंडावर हसू. ते हसू त्यांनी कधी माफ केलं नाही."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही वीस वर्षं फारोलाच विचारत राहिलात." मग तिचा आवाज खाली आला. "आणि खरं-खोटं काय सांगू? शेवटी शेवटी त्यांना भ्रम व्हायचा. मला कधी आपली बहीण समजायच्या."

"त्या का तयार नव्हत्या?" मी विचारलं.

आईनं चटणी वाटीत काढली, पाटा पाण्यानं धुतला. "पहिलं मूल तिथं पुरलं होतं. तुझ्या पप्पांच्या आधीचं. मुलगी होती, एवढंच म्हणाल्या. नाव मी विचारलं नाही. रानाच्या कडेला, निवडुंगापाशी."

पप्पा खुर्चीवरून उठून खाली, आईच्या समोर येऊन बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एस्तू, आपण त्या बांधावरून हिंडलो ना? तिथं निवडुंग होता का गं?"

मी डोळे मिटून ते रान समोर आणलं. काळी माती, धसकटं, मामाचे कमरेवरचे हात, पप्पांची चप्पल. बांधाची कडा काही केल्या दिसेना. मी पप्पांना म्हटलं, "होता बहुतेक." त्यांनी मान हलवली. मी आजही आठवून बघते. कधी दिसतो, हिरवा, काटेरी, पुरुषभर उंच. आणि कधी तिथं नुसतं मोकळं रान असतं.